‘स्वित्ला नेमाये’: युक्रेनियन भाषेसाठी सात दिवस

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम निवडायचा. 27 ऑक्टोबर हा युक्रेनमध्ये युक्रेनियन लेखन आणि भाषा दिन. पूर्वी तो 9 नोव्हेंबरला असे, चर्चचं पंचांग बदललं तसा 2023 पासून अलीकडे आला. त्याच सुमारास रेडिओवर देशभराचं श्रुतलेखन होतं. 2000 सालापासून ही प्रथा आहे आणि युद्धातही ती थांबलेली नाही. भाषेच्या ओढीनं जाणाऱ्यानं सात दिवस त्याभोवतीच बेतावेत.

पण आधी हे वाचा. भारतीय दूतावासानं ऑक्टोबर 2022 मध्ये ‘युक्रेनला जाऊ नका’ असा सल्ला दिला होता. निघण्यापूर्वी त्या वेळचा ताजा सल्ला पाहायलाच हवा. युद्धामुळे झालेली इजा नेहमीच्या प्रवास विम्यात धरत नाहीत. युद्धजोखीम धरणारी वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि तिच्यातली ‘वगळलेले जिल्हे’ ही ओळ वाचूनच पैसे भरायचे. जाणं पोलंडवरून. तिथं लागणारा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) एकाहून जास्त प्रवेशांचा हवा, कारण पोलंडहून युक्रेनमध्ये शिरताच तुम्ही शेंगेनबाहेर जाता. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीचं दार बंद. आणि वाट फक्त पश्चिमेकडचं ल्विव आणि राजधानी कीयिव (आपण ‘कीव’ म्हणतो ते) एवढीच. खार्किव रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीसचाळीस किलोमीटरवर आहे, तर खेर्सोनसमोर नदीपलीकडे रशियन सैन्य आहे. भाषा शिकायला तिथं जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

दिवस पहिला: प्शेमिशल ते ल्विव

24 फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद आहे, त्यामुळे शेवटचा टप्पा जमिनीवरूनच. पोलंडच्या प्शेमिशल स्टेशनात युक्रेनची गाडी थेट येते. पोलंडचे रूळ 1435 मिलिमीटर रुंदीचे, युक्रेनचे 1520. हा रुंद रूळ सीमा ओलांडून इथपर्यंत आणलेला आहे. पासपोर्ट तपासणीची रांग मोठी असते, म्हणून दीड-दोन तास हाताशी ठेवायचे. युक्रेनचं घड्याळ पोलंडच्या एक तास पुढं आहे. तिकिटावरची वेळ कुठल्या देशाची ते दोनदा पाहायचं. इथं गाड्या चुकतात त्या बहुधा याच गोंधळात.

पहिला शब्द डब्यावरच मिळतो. ‘झालिझ्नित्स्या’ म्हणजे रेल्वे, आणि ‘झालिझो’ म्हणजे लोखंड. आपला ‘लोहमार्ग’ अगदी याच घडणीचा. युद्ध सुरू झाल्यापासून लाखो माणसं वाहून नेणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांना लोक ‘झालिझ्नी ल्यूदी’, म्हणजे लोखंडी माणसं, म्हणू लागले. शब्दावरचा हा श्लेष मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

डब्यात बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं असतात. लष्करी कायद्यामुळे 18 ते 60 वयाच्या पुरुषांना देश सोडता येत नव्हता. ऑगस्ट 2025 मध्ये 18 ते 22 वयाच्या मुलांना मुभा मिळाली, बाकीच्यांची बंदी कायम आहे. परतणाऱ्या बाया आपसात बोलतात तेव्हा एक शब्द वारंवार कानी पडतो, ‘दोदोमू’. घरी, घराकडे. त्यातला ‘दीम’ म्हणजे घर, संस्कृतातल्या ‘दम’ या घरवाचक शब्दाचा सख्खा भाऊ. कान तिथंच उघडतो.

एकट्या मुलीनं तिकीट काढताना लांब पल्ल्याच्या गाड्यांत बायकांचा वेगळा कूपे मिळतो का ते पाहावं. चार बर्थच्या बंद खणाला ‘कुपे’ म्हणतात, उघड्या डब्याला ‘प्लात्सकार्त’.

दिवस दुसरा: ल्विव, आणि तोंडाला वळण

सकाळी नवाला बाहेर असाल तर जिथं असाल तिथं थांबायचं. मार्च 2022 पासून रोज नऊ वाजता देशभर मृतांसाठी एक मिनिट शांतता पाळतात, ‘ख्विलीना मोव्चान्न्या’. सगळेच थांबतात असं नाही, पण पुष्कळ जण थांबतात. कानात इअरफोन घालून चालत राहणारा परदेशी डोळ्यांत खुपतो.

मग कॉफी. ल्विवच्या बोलीत कॉफीच्या कपाला ‘फिलिझान्का’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘फिंजान’पासून तुर्की आणि पोलिश वाटेनं इथवर आला. मावशी ‘त्स्योत्स्या’, सायकल ‘रोवेर’, केक ‘प्ल्यात्सोक’. या शहरी बोलीचं नाव ‘ग्वारा’. पाठ्यपुस्तकात हे शब्द सापडत नाहीत, म्हणून वही उघडीच ठेवायची.

उच्चारात मराठी माणसाची बाजू भक्कम आहे, आणि हे पुरेसं कुणी सांगत नाही. युक्रेनियनमध्ये ‘त्स’ आणि ‘च’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. आपल्याकडं अक्षर एकच, पण ‘चमचा’तला च आणि ‘चिमणी’तला च आपण जन्मापासून वेगळे बोलतो. ‘जग’ आणि ‘जीव’ यांतल्या ‘ज’चंही तसंच. तिकडे ‘द्झ्विन’ म्हणजे घंटा आणि ‘जेरेलो’ म्हणजे झरा. शिवाय रशियनमध्ये जिथं ‘ग’ म्हणतात तिथं युक्रेनियनमध्ये घोषयुक्त ‘ह’ येतो, अगदी ‘हात’मधला. चलनाचं नाव म्हणून ‘ह्रिव्न्या’.

खरा ‘ग’ही आहे, पण मोजक्या शब्दांत. त्याचं अक्षर वेगळं, वर छोटा शेंडा असलेलं. 1933 मध्ये सोव्हिएत सत्तेनं ते वर्णमालेतून काढलं आणि 1990 मध्ये ते परत आलं. ज्यात हे अक्षर होतं ते 1928 चं लेखनतंत्र, म्हणजे शुद्धलेखनाचे नियम, ज्यांच्या पुढाकारानं झालं त्या मिकोला स्क्रिप्निक यांनी जुलै 1933 मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. एका अक्षराच्या मागं एवढा इतिहास असेल असं पाटी वाचताना वाटत नाही.

अवघड जातं ते आघाताचं. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शब्दाच्या कुठल्याही अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) येतो आणि छापील मजकुरात दाखवत नाहीत. ‘झामोक’ पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटलं तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. ल्विवची टेकडी ‘विसोकी झामोक’ विचारताना जोर चुकला की ‘उंच कुलूप’ होतं. लोक हसत नाहीत, हळूच दुरुस्त करतात.

जेवणात बोर्श्च. 1 जुलै 2022 ला युनेस्कोनं युक्रेनियन बोर्श्चच्या परंपरेची नोंद तातडीनं जपायच्या वारशाच्या यादीत केली. शाकाहारी असाल तर नुसतं ‘बोर्श्च’ मागू नका, कारण रस्सा बहुधा हाडांचा असतो. ‘पिस्नी बोर्श्च’ म्हणा, म्हणजे उपवासाचा. सोबत लसूण लावलेले ‘पाम्पुश्की’ येतात. बटाट्याचे किंवा चीजचे ‘वारेनिकी’ कुठंही मिळतात, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात. ते नको असतील तर ‘बेझ श्क्वार्कीव’ एवढं आधीच सांगायचं.

दिवस तिसरा: ल्विव, भोंगा आणि व्याकरण

खरं शब्दभांडार इथून सुरू होतं. फोनवर ‘पोवित्र्याना त्रिवोहा’ म्हणजे हवाई इशारा हे अ‍ॅप पहिल्याच दिवशी टाकायचं आणि त्यात आपला प्रदेश निवडायचा. इंग्रजीत ठेवलं तर अभिनेते मार्क हॅमिल यांचा आवाज येतो. भाषेसाठी आला असाल तर युक्रेनियनमध्ये ठेवा. ‘उवाहा!’ म्हणजे लक्ष द्या. ‘त्रिवोहा’ म्हणजे इशारा, आणि काळजीसुद्धा. एकाच शब्दात दोन्ही. इशारा संपला की ‘विद्बिय’. मुळात सैन्यातला माघारीचा ठोका, त्यात ‘बीती’, म्हणजे मारणं, हे क्रियापद दडलेलं आहे.

भोंगा वाजला की ‘उक्रित्त्या’, म्हणजे आसरा. ‘क्रीती’ म्हणजे झाकणं. हॉटेल घेताना खोलीच्या फोटोंपेक्षा तळघराची चौकशी आधी करायची: ‘उ वास ये उक्रित्त्या?’ तुमच्याकडे आसरा आहे का? शब्दशः ‘तुमच्यापाशी आहे’. आपलं ‘माझ्याकडे आहे’ असंच चालतं, ‘मी बाळगतो’ असं आपणही म्हणत नाही. तळघर गाठणं जमलंच नाही तर दोन भिंतींचा नियम: तुमच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये दोन भिंती हव्यात, काच एकही नको. पहिली भिंत मार घेते, दुसरी तुकडे अडवते. म्हणून मधला बोळ किंवा खिडकी नसलेली न्हाणीघराची जागा. उशाशी एक पिशवी भरलेली ठेवायची: पासपोर्ट, बूट, पाणी, टॉर्च, 20,000 एमएएचची पॉवरबँक, औषधं आणि रक्तस्राव थांबवणारा टूर्निकेट. तो बांधायला निघण्याआधी शिकून घ्यायचा. पिशवीत असून बांधता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही.

फोनवरच्या सूचनांत पुढचे शब्द येतात. ‘बालिस्तिका’ म्हणजे बॅलिस्टिक क्षेपणास्त्र, हाती मिनिटंच असतात. ‘मोपेद’ म्हणजे ड्रोन, त्याच्या फटफट आवाजावरून पडलेलं नाव. आणि ‘प्रिलीत’. विमानतळाच्या फलकावर या शब्दाचा अर्थ ‘आगमन’, म्हणजे उडत येऊन पोचणं. आज त्याचा अर्थ क्षेपणास्त्र येऊन आदळणं. विमानं थांबली आणि शब्द तेवढा राहिला. ‘प्री’ हा उपसर्ग येण्याचा, ‘वी’ बाहेर जाण्याचा. कुठल्याही वर्गात महिनाभर घोळवला जाणारा धडा इथं एका रात्रीत पक्का होतो, आणि तो असा पक्का व्हावा असं कुणालाही वाटणार नाही.

सकाळी वीज नसते. शेजारीपाजारी म्हणतात, ‘स्वित्ला नेमाये’. शब्दशः उजेड नाही, अर्थ वीज नाही. आपण ‘लाईट गेली’ म्हणतो तेच. ‘स्वित्लो’ हा शब्द ‘श्वेत’च्या कुळातला, आणि नकार आला की तो ‘स्वित्ला’ होतो, कारण नसलेली गोष्ट युक्रेनियनमध्ये षष्ठीत जाते. ‘लाईटचा पत्ता नाही’ म्हणताना आपणही षष्ठी वापरतोच! वीज कधी जाणार याचं वेळापत्रक जाहीर होतं, ‘ह्राफिक’. तो पाहूनच फोन भरायचा. सगळंच बंद पडलं तर ‘पुंक्त नेझ्लाम्नोस्ती’ शोधा. तिथं ऊब, चहा आणि चार्जिंगची सोय असते. ‘लामाती’ म्हणजे मोडणं, त्यावरून ‘न मोडण्याचं ठाणं’. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, पण वीज गेली की यंत्रही बंद, म्हणून हजारभर ह्रिव्न्या सुटे ठेवायचे.

दुपारी रिनोक चौक. युद्ध सुरू झाल्यावर इथल्या कारंज्यांवरचे पुतळे गुंडाळले गेले, चर्चच्या रंगीत काचांवर पत्रे आले. याच शहरात इवान फेदोरोव यांनी 1574 मध्ये मुळाक्षरांचं पुस्तक छापलं. रशियन साम्राज्यानं 1876 च्या एम्स फर्मानानं युक्रेनियन छपाई जवळजवळ बंद केली, तेव्हा ल्विव ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होतं, म्हणून पुस्तकं इथं छापली गेली. 1868 ची ‘प्रोस्विता’ ही लोकशिक्षणाची संस्था इथलीच.

संध्याकाळी लिचाकिव कब्रस्तान. लेखिका विक्तोरिया अमेलिना इथं विसावल्या आहेत. 27 जून 2023 ला क्रामातोर्स्कमध्ये क्षेपणास्त्रानं त्या जखमी झाल्या आणि 1 जुलैला गेल्या. रशियन ताब्यातल्या गावात मारले गेलेले लेखक वोलोदिमिर वाकुलेंको यांनी आपली रोजनिशी बागेत चेरीच्या झाडाखाली पुरली होती. ती उकरून काढली अमेलिना यांनी. शेजारच्या मैदानात सैनिकांची थडगी आहेत, प्रत्येकावर झेंडे. ‘व्दोवा’ हा शब्द शिकवावा लागत नाही. विधवा. तिथं फोटो काढू नये. फुलं न्यायची तर सम संख्येत: तिथं विषम संख्या वाढदिवसाला आणि सम संख्या मृतांना.

दिवस चौथा: रात्रीची गाडी, कीयिव

संचारबंदी दोन्ही शहरांत रात्री बारा ते पाच. पाचनंतर पोचणारीच गाडी घ्यायची. डब्याची ‘प्रोविद्नित्स्या’, म्हणजे डबा सांभाळणारी कर्मचारी, धातूच्या पकडीतल्या काचेच्या पेल्यात चहा आणून देते. तिला ‘पानी’, म्हणजे बाई, म्हणायचं, आणि क्रियापद ‘वी’चं, म्हणजे तुम्हीचं. हाक मारताना संबोधन विभक्ती लागते. युक्रेनियनच्या सात विभक्तींत ती जिवंत आहे, रशियनमध्ये जवळपास गेलेली. ‘द्रूह’ म्हणजे मित्र, हाक मारताना ‘द्रूझे!’, जसं आपलं मित्र आणि मित्रा. ‘मामा’ची ‘मामो!’ होते. संबोधन बरोबर लागलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. बाकी व्याकरण चुकलं तरी एवढं चुकवू नका.

शहराचं नावही नीट म्हणायचं. मराठीत ‘कीव’ छापतात, आणि आपल्याकडं कीव करतात ती दया. शहराच्या नावाचे अवयव दोन आहेत: की-यिव. ‘यि’साठीच्या अक्षरावर दोन टिंबं असतात आणि रशियन वर्णमालेत ते अक्षरच नाही.

पूल, तपासणीनाके, सैनिक, हवाई संरक्षणाची यंत्रणा, नुकत्याच झालेल्या हल्ल्याची जागा, यांचा फोटो नाही आणि व्हिडिओ तर नाहीच. कुठं काय पडलं हे समाजमाध्यमावर टाकणं हा गुन्हा ठरू शकतो, कारण त्यावरून पुढचा नेम सुधारता येतो.

दिवस पाचवा: कीयिव, भिंतीवरची अक्षरं आणि बोलणारी माणसं

सोफिया कॅथेड्रल अकराव्या शतकातलं. त्याच्या भिंतींवर भाविकांनी खरवडून लिहिलेल्या जुन्या ओळी आहेत, प्रार्थना आणि नावं. एका ठिकाणी तर अख्खी वर्णमालाच आहे, 27 अक्षरांची. 10 जून 2025 च्या हल्ल्यातल्या हादऱ्यानं इमारतीची कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या वरची पुढं आलेली कड, दुखावली. भिंतीपाशी थोडा वेळ थांबून अक्षरं लावत बसावं, आजच्या वर्णमालेतली निम्मी तरी सापडतात.

मेट्रोत ‘आर्सेनाल्ना’ स्थानक 105.5 मीटर खोल आहे. सरकत्या जिन्यावर काही मिनिटं जातात. रात्री हीच स्थानकं आसरा होतात. चटई आणि गरम जाकीट नेलं तर फरशीची थंडी सुसह्य होते. नकाशा नवा वापरा, कारण 2023 मध्ये ‘द्रूझ्बी नारोदीव’, म्हणजे राष्ट्रांची मैत्री, या स्थानकाचं नाव ‘झ्विरिनेत्स्का’ झालं.

दुकानात पहिलं वाक्य युक्रेनियनमध्येच ऐकू येतं. जानेवारी 2021 पासून सेवा देताना राज्यभाषा वापरणं कायद्यानं बंधनकारक आहे. शिकणाऱ्याला हे वरदान आहे. ‘क्निहार्न्या ये’ ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी. ‘ये’ हे अक्षरही आणि शब्दही, अर्थ ‘आहे’.

या सगळ्या वाटेवर सर्वांत मोलाची जागा म्हणजे ‘रोझ्मोव्नी क्लूब’, गप्पांचे वर्ग. ग्रंथालयांत, दुकानांच्या मागच्या खोल्यांत स्वयंसेवक ते चालवतात, बहुतेक फुकट. ‘येदिनी’ ही चळवळ 2022 पासून असं काम करते. इथं येतात ती माणसं परदेशी नव्हेत. पूर्वेकडून घर सोडून आलेली, आयुष्यभर घरात रशियन बोललेली, आणि आता पन्नाशीत युक्रेनियनकडे वळणारी. शब्द अडला की तीही डोळे मिटून शोधतात. त्यांच्या शेजारी बसल्यावर भाषा ही छंदाची गोष्ट उरत नाही. म्हणून तिथं स्वतःला किती भाषा येतात ते सांगत सुटू नये. ऐकावं. रशियनचा सराव करून पाहू नये, आणि कुणी रशियनमध्ये बोललं तर त्याला शिकवायलाही जाऊ नये. तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे. ‘युक्रेनमध्ये’ म्हणताना ‘व उक्रायीनी’ म्हणा, ‘ना उक्रायीनी’ नव्हे. ‘ना’ लागलं की देशाचा प्रांत होतो, आणि हे त्यांना खरोखर लागतं.

बोलायला चतुर्थी पुरते. ‘मेनी होलोद्नो’ मला थंडी वाजते, ‘मेनी स्त्राश्नो’ मला भीती वाटते, ‘मेनी पोदोबायेत्स्या’ मला आवडतं. अनुभव घेणारा चतुर्थीत, जसा मराठीत. इंग्रजीतून विचार केला तर ही वाक्यं अडतात, मराठीतून सरळ येतात.

दिवस सहावा: श्रुतलेखन

रेषांचा कागद, दोन पेनं, भरलेला फोन आणि बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ. वीज आणि इंटरनेट दोन्ही जाऊ शकतात, म्हणून रेडिओ हवाच. तारीख आणि वेळ आदल्या आठवड्यात सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पानावर पाहायची. 27 तारीख सुट्टीच्या दिवशी आली तर कार्यक्रम त्याच्या आधी घेतात. शाळांत, कार्यालयांत, आघाडीवरच्या खंदकांतही लोक लिहायला बसतात.

परदेशी विद्यार्थी हमखास अडखळतो तो चार ठिकाणी. एक, अपॉस्ट्रॉफी: ‘प्यात’, म्हणजे पाच, यात ‘प’नंतर ती हवी, आणि कानाला ती सहज कळत नाही. दोन, मृदू चिन्ह, म्हणजे आधीचं व्यंजन मऊ करणारं अक्षर. तीन, जोडव्यंजन: ‘उक्रित्त्या’मध्ये ‘त’ दोनदा. चार, ‘झ’ आणि ‘स’ हे उपसर्ग: क, प, त, फ, ख यांच्या आधी ‘स’, बाकी ठिकाणी ‘झ’. मुलं हे ‘काफे प्ताख’ या दोन शब्दांवर पाठ करतात. त्या शब्दांतली व्यंजनं नेमकी तीच. आदल्या रात्री एवढं उजळलं तरी निम्म्या चुका टळतात. स्वल्पविराम मात्र सवयीनंच येतात, त्यांच्याकडून पहिल्या वर्षी फार अपेक्षा ठेवू नका.

मध्येच भोंगा झाला तर कागद घेऊन खाली उतरायचं. श्रुतलेखन अर्धवट राहिलं तरी चालेल, पण उतरायचं टाळू नका. लिहिलेला कागद टपालानं किंवा फोटो काढून ऑनलाइन पाठवता येतो. मुदत थोडी असते, म्हणून त्याच दिवशी पाठवा.

दिवस सातवा: परत

परतीच्या गाडीचं तिकीट येतानाच काढून ठेवलेलं बरं, पश्चिमेकडच्या गाड्या लवकर भरतात. सीमेवर तपासणी लांबते, तेव्हा जोडगाडीत किमान तीन तासांची फट ठेवा.

अ‍ॅप लगेच काढू नका. आठवडाभर ज्यांच्याशी बोललात त्यांचा प्रदेश त्यात निवडून ठेवा, आवाज बंद करून. त्यांना संदेश पाठवायचा तो ‘विद्बिय’ झाल्यावर. इशारा चालू असताना त्यांना फोनची बॅटरी आणि मन दोन्ही जपायचं असतं. लांबलचक काही लिहू नका. तिकडे मोठ्या हल्ल्यानंतरच्या सकाळी लोक एकमेकांना दोनच शब्द पाठवतात, ‘याक ती?’ कशी आहेस? वयानं मोठ्यांना ‘याक वी?’ उत्तर यायला वेळ लागला तर विजेचं वेळापत्रक पाहा. बहुधा तेवढंच कारण असतं.